मागच्या चाकाच्या तारा

३ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून आधी तुला भलतंच वाटेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की कोणी गेलेलं नाही. जायचंय ते मला, आणि तेही सायकलवरून.

हॉस्पिटलनं आठ महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर केली. एकोणीस वर्षं मी त्या बिनखिडकीच्या एक्स-रेच्या खोलीत लोकांना श्वास रोखायला आणि सोडायला सांगत आले. आता जरा माझा सोडते. फेब्रुवारीअखेर निघायचं. आधी मैदान, मग उजाड पठार, मग दोन डोंगररांगा आणि शेवटी उत्तरेचा समुद्र. नकाशावर दोरा लावून मोजलं तर पाच हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. एकटीच जाणार. आईनं हे ऐकून तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी विचारलं की गरम कपडे कोणते नेणार.

सायकल आपल्याच शोरूममधून घ्यायची असा दादाचा हट्ट आहे. त्यानं सुचवलेलं सामान असं: कार्बनची फ्रेम, अंगठ्याएवढे बारीक टायर, चोवीस तारांची चाकं, तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणि बॅटरीवर बदलणारे गिअर. सगळी सायकल एका बोटावर उचलता येते म्हणाला. मी उचलून पाहिली, खरंच येते.

तू कारखान्यात एकतीस वर्षं चाकं बांधलीस, तेव्हा तुझं मत हवं. फोनच करणार होते, पण तू फोन उचलतेस, पत्र लिही म्हणतेस आणि ठेवून देतेस.

कळावे. शिव्या घालायच्या तर सविस्तर घाल, लोभात मात्र काटकसर नको.

तुझी,
भिंगरी


११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या भावाची यादी वाचली. मग चष्मा पुसून परत वाचली. मला आधी वाटलं होतं की तू प्रवासाला निघाली आहेस. यादीवरून दिसतं की तुला सायकल काचेच्या कपाटात ठेवायची आहे.

एका बोटावर उचलता येते म्हणे. बाई गं, तुला ती उचलायची आहे की चालवायची? पाच हजार किलोमीटर ती तुला उचलणार, तू तिला नाही.

कार्बनची फ्रेम दिसायला देखणी असते, शोरूमवाल्यांना तेवढंच पुरतं. ती तडकली की पठारावरच्या कुठल्या गावात तू ती सांधून घेणार? स्टीलची घे. दार-खिडक्या जोडणारा वेल्डर प्रत्येक गावात असतो आणि त्याला स्टील कळतं. तेलाच्या ब्रेकची नळी गळायला लागली की तू उतारावर काय करणार, माझं नाव घेणार? साध्या वायरीचे ब्रेक घे, वायर वाण्याकडेही मिळते. टायर चांगले दोन बोटं रुंद हवेत. कॅरियर स्टीलच्या सळीचा हवा, कारण अॅल्युमिनियमचा मोडण्याआधी सांगतसुद्धा नाही. पेडल, चाकांच्या मधले हब, जे जे म्हणून फिरतं ते पान्यानं उघडता आलं पाहिजे, आतले छर्रे धुऊन ग्रीस भरता आलं पाहिजे. जे उघडता येतं ते दुरुस्त होतं. बाकीचं नुसतं बदलावं लागतं, आणि बदलायचं दुकान तुझ्यामागून पळत येणार नाही.

गिअरच्या बॅटरीबद्दल मी काही लिहीत नाही. मला हसताना खोकला लागतो.

आता चाकं. चोवीस तारांपैकी एक तुटली की चाक तिथंच मान टाकतं. छत्तीसमधली एक तुटली तर जरा लचकतं, पण मुक्कामाला नेतं. दोन्ही चाकं छत्तीस तारांची घ्यायची आणि ती मी बांधणार. यात चर्चा नाही. रिम आणि हब माझ्याकडे पाठवून दे, तारा माझ्याकडे आहेत.

तुझ्या आईला सांग, गरम कपड्यांची काळजी सोड, मुलाच्या डोक्यात हवा किती भरली आहे ते एकदा बघ.

कळावे. लोभ आहेच, दोघांची अक्कल वाढावी.

आत्या


२० जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं ऐकून जुन्या बाजारातून स्टीलची सायकल आणली. तीही मी उचलून पाहिली. एक बोट राहू दे, दोन्ही हात आणि एक गुडघा लागला. शेजारच्या काकूंनी विचारलं की ही सायकल आहे की पाण्याच्या टाकीचा सांगाडा. पण एवढं कबूल करते की तिच्यावर बसल्यावर रस्ता माझ्याखाली असल्यासारखा वाटतो. दादाच्या सायकलवर मी रस्त्याच्या दयेवर होते.

पत्र दादानं माझ्या खांद्यावरून वाचलं. त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला की आत्याचा कारखाना बैलगाड्या बनवायचा, म्हणूनच बंद पडला. हे वाक्य त्यानं दोन वर्षांपूर्वी तुझ्या तोंडावर टाकलं तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे, याची मी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, आठवतंय म्हणूनच परत म्हणालो. तुम्ही दोघं एकाच भट्टीत भाजलेल्या विटा आहात.

तरी रिम आणि हबच्या खोक्यात त्यानं आपणहून एक वस्तू ठेवली आहे. तारांचा ताण मोजायचं यंत्र आहे ते. चिमट्यासारखं तारेला लावायचं, काटा आकडा दाखवतो. त्याच्याकडची माणसं त्याशिवाय चाकाला हात लावत नाहीत म्हणे. तू ते खिडकीबाहेर फेकू नकोस, एवढंच मागते.

कळावे. सायकलचं वजन वाढवलंस तसं लोभाचंही वाढव.

तुझी,
भिंगरी


६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दोन्ही चाकं आज ट्रान्सपोर्टनं पाठवली. सोबत सहा जादा तारा आहेत, फ्रेमला चिकटपट्टीनं बांधून ठेव.

यंत्रही परत पाठवलं आहे. फेकलं नाही. काठी आंधळ्यानं घ्यावी. मी रोज चाळीस चाकं बांधायचे आणि ताण बघायला हा अंगठा पुरायचा. दोन तारा चिमटीत दाबल्या की कळायचं. माझ्या हाताखालच्या नवशिक्या पोरी तारा वाजवून बघायच्या, तेसुद्धा मी चालू दिलं नाही. म्हणायचे, चाक बांधायला आलात की गाणं शिकायला? आता शोरूमवाले मला काटा दाखवणार.

चाकांना या वेळी चार दिवस लागले. रिम आजकाल कसल्या बनवतात देव जाणे, आणि माझ्या खोलीतला उजेडही मेला आहे. पण अशी सरळ फिरतात की बघत राहावं. पापणीच्या केसाएवढासुद्धा आऊट, म्हणजे डोल, नाही. तुझ्या भावाला दाखव आणि त्याचं तोंड कसं होतं ते कळव.

अक्षर किडामुंगीसारखं आलंय. पेन भिकार आहे.

कळावे. लोभ चाकात भरून पाठवला आहे, वेगळा मागू नकोस.

आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोळा दिवस झाले, मैदान संपलं. हे पत्र पठाराच्या पायथ्याच्या पोस्टातल्या बाकावर बसून लिहिते आहे. पाय आता माझेच वाटतात. पहिले पाच दिवस ते कोणाकडून तरी उसने आणल्यासारखे होते.

तुला आवडेल अशी एक गोष्ट. चार दिवसांपूर्वी दोन गृहस्थ मागून आले. कार्बनच्या सायकली, एकसारखे शर्ट, एकसारखे चष्मे. माझ्या सायकलकडे बघून एकानं दुसऱ्याला सांगितलं की अशी त्याच्या आजोबांकडे होती. मग दोघं भुर्रकन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका टेकडीच्या चढावर तेच दोघं दगडावर बसलेले. एकाची बॅटरी संपली होती आणि गिअर सगळ्यात जडवर अडकला होता. मी थांबून, जिभेवर साखर घोळवून विचारलं की तुमच्या आजोबांची सायकल अजून घरी आहे का. मग त्यांना पाणी दिलं. मी तुझी भाची असले तरी अगदीच दगड नाही.

चाकं छान आहेत. काळजी नसावी.

कळावे. दम लागतो तेव्हा तुझ्या लोभाची आठवण येते, उतारावर येत नाही.

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

थोडी विश्रांती घेते आहे. गाव छान आहे. काच कापणाऱ्या एका बाईंच्या दुकानाच्या वर खोली मिळाली. तब्येत ठीक, सायकल ठीक. उत्तर इथल्याच पत्त्यावर पाठवलंस तरी चालेल, अजून काही दिवस आहे.

कळावे. लोभ तसाच असू दे.

भिंगरी


९ एप्रिल

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

दोन वर्षांनी पत्र लिहितो आहे. तुम्हाला आवडो न आवडो, वाचा.

भिंगरी विश्रांती घेत नाहीये. ती त्या गावात अडकली आहे. तुम्ही बांधलेल्या मागच्या चाकाच्या तारा पठार चढताना तुटायला लागल्या. पहिली तुटली, तिनं बदलली. मग दुसरी, मग तिसरी. तुम्ही दिलेल्या सहा संपत आल्या. सातशे किलोमीटर तिनं असेच काढले. २४ मार्चला एका उतारावर दोन तारा एकदम गेल्या, चाक वाकडं होऊन ब्रेकमध्ये अडकलं आणि ती पडली. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हर जागा होता म्हणून मी हे पत्र तुम्हाला लिहितो आहे, नाहीतर दुसरंच लिहिलं असतं. कोपर आणि गुडघा सोलला आहे, हाड शाबूत आहे. तिनं स्वतःच एक्स-रे काढून घेतला आणि काढणाऱ्याला त्याच्या चुकाही सांगितल्या म्हणे.

मला फोन करून तिनं नव्या तारा मागवल्या आणि माप जुळावं म्हणून तुटलेल्या पोस्टानं पाठवल्या. आत्याला कळता कामा नये असं बजावलं. मी हो म्हणालो होतो. पण मी शोरूमवाला, माझ्या शब्दाची किंमत तुमच्या लेखी ती काय.

तुटलेल्यांपैकी दोन सोबत ठेवल्या आहेत. अंगठ्यानं तपासून बघा. कारखान्यातल्या जुन्या तारा गंजल्या असतील असं मला वाटतं. यंत्र लावलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

कळावे. लोभाविषयी लिहिण्यासारखं सध्या काही नाही.

आपला,
शोरूमवाला


१३ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या भावानं सगळं कळवलं. त्याच्यावर रागावू नकोस. शब्द मोडून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणा केला आहे.

तारा खिडकीशी नेऊन भिंगाखाली पाहिल्या. दोन्ही हबजवळ, तार जिथं वाकते तिथं तुटल्या आहेत. तुटल्या जागी निम्मा भाग काळपट आणि निम्मा चकचकीत. म्हणजे चीर आधीपासून हळूहळू वाढत होती, शेवटचा तुकडा तेवढा त्या दिवशी गेला. माझा अंदाज आहे की सगळ्या डाव्या बाजूच्या आहेत. बरोबर?

दादाला वाटतं तारा खराब होत्या. तारा उत्तम होत्या. चाक मी वाईट बांधलं.

तार सैल राहिली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती ढिली पडते, परत ताणली जाते. पत्र्याचा तुकडा पुढेमागे वाकवून तोडतात ना, तशी ती आपोआप तुटते. डाव्या बाजूच्या अर्ध्या तारा मी सैल सोडल्या होत्या. चाक सरळ होतं, कारण सरळ आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. ताण डोळ्यांना दिसत नाही. तो अंगठ्याला कळतो, आणि माझ्या उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना दोन वर्षांपासून काही कळत नाही. बटणं बघून लावते. पेन भिकार नव्हतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. का, ते विचारू नकोस. तुझ्या भावानं बैलगाडी म्हटलं त्याच महिन्यात हे सुरू झालं, आणि त्याला हसायला आणखी एक कारण मी देणार नव्हते. एवढीशी गोष्ट. तिच्यापायी मी तुला ट्रकपुढे टाकलं.

कारखान्यात असं चाक माझ्यासमोर आलं असतं तर मी ते भिंतीवर फेकलं असतं आणि बांधणारीला घरी पाठवलं असतं. फेकलेली चाकं आठवतात गं मला. ज्यांची होती त्या पोरींचे चेहरेही आठवतात.

आता नीट वाच. डाव्या बाजूच्या अठराच्या अठरा तारा बदल. तुटल्या नाहीत त्याही आतून थकल्या आहेत. एक काढायची, एक घालायची. मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून तारेच्या रिमकडच्या टोकाची प्रत्येक निपल पाव फेरा घट्ट करत चाकाला पूर्ण वळसा घाल. असे वळसे घालत राहा. घाई केलीस तर चाक आठाच्या आकड्यासारखं होईल. मधून मधून तारा बोटानं छेड. एका बाजूच्या सगळ्या एका आवाजात बोलल्या पाहिजेत. चेनच्या बाजूचा आवाज चढा असेल, तो तसाच असतो. वेगळा बोलेल तिला पाव फेरा. मग हातमोजे घालून शेजारच्या दोन दोन तारा मुठीत जोरात दाब. चाक कुरकुरेल. कुरकुर थांबेपर्यंत दाबायचं, पुन्हा सरळ करायचं, पुन्हा दाबायचं.

तारांबरोबर दादानं यंत्र पाठवलं असेल तर तेही लाव. हो, हे मीच लिहिते आहे. अक्षर तपासून घे.

कळावे. लोभ मागायचं तोंड मला आज नाही.

आत्या


२१ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्या डाव्या बाजूच्याच होत्या.

चाक झालं. दीड दिवस लागला. काचवाल्या बाईंच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसले होते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाकाची बशी झाली आणि मी रडले. बाईंनी काच कापता कापता विचारलं की पत्रात घाई करू नको असं लिहिलंय ना. मी तुझं पत्र मोठ्यानं वाचून काम करत होते, त्यामुळे त्यांना ते माझ्याइतकंच पाठ झालं होतं. सकाळी सगळं ढिलं करून परत सुरुवात केली. दुपारी तारा छेडत गेले तर अठराच्या अठरा एका आवाजात बोलल्या. बाईंनी हातातली काच खाली ठेवली. मग यंत्र लावलं, काट्यानंही तेच सांगितलं. काल सगळं सामान लादून खराब रस्त्यानं साठ किलोमीटर फिरून आले. एक तार हलली नाही.

पडल्याचं तुला सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटेल असं वाटलं. आता मला त्याचं काही वाटत नाही, कारण मला तुझा संताप आलाय.

हबमधला एकेक छर्रा तू मला उघडून बघायला लावलास. जे उघडता येतं ते दुरुस्त होतं हे वाक्य मला तोंडपाठ करायला लावलंस. आणि स्वतःचा हात दोन वर्षं कुलपात घालून ठेवलास? अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, हे मनगटातल्या शिरेचं दुखणं आहे, आत्या. ती शीर दबते. असे हात घेऊन आमच्याकडे आठवड्याला चार माणसं येतात. छोटंसं ऑपरेशन असतं, अर्धा तास. वेळेत केलं तर. उशीर केला तर शीर कायमची मरते. घरातली एक बाई एकोणीस वर्षं हॉस्पिटलात काम करते आणि तिला न सांगता तू बटणं बघून लावत होतीस. शोरूमवाल्याच्या डोक्यात हवा, मग तुझ्या डोक्यात काय, शिसं?

तेव्हा माझा निर्णय ऐक. मी इथून हलणार नाही. सायकल तयार आहे, मी तयार आहे, डोंगरातले रस्ते उघडले आहेत. पण तू डॉक्टरकडे जाऊन आल्याचं आणि ऑपरेशनची तारीख ठरल्याचं पत्र येईपर्यंत मी या बाईंच्या खोलीत बसून राहणार. रजा संपली तर संपली. समुद्र राहिला तर राहिला. तुला माझ्या हट्टाची खात्री नसेल तर आठव की तो कोणाकडून आलाय.

कळावे. लोभ तुला मागता येत नसेल तर घे, मी न मागता देते.

तुझी,
भिंगरी


२९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

धमकी पोचली. आई-बापांनी तुला लहानपणी दोन फटके कमी दिले, त्याचं फळ मी भोगते आहे.

काल डॉक्टरकडे गेले. एकटीच बसनं गेले होते. दवाखान्यातल्या खुर्चीवर तुझा भाऊ आधीच येऊन बसलेला. तूच कळवलंस, दुसरं कोण. मी त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले. अर्ध्या तासानं त्यानं मधल्या एका खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. मी दुसरीवर माझी ठेवली. एवढंच बोलणं झालं.

डॉक्टर तुझ्यापेक्षाही लहान आहे. त्यानं मला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाला, टोचलं की सांगा. मी लागतंय म्हणाले. तो म्हणाला, आजी, मी अजून हात लावलेला नाही. तुझा भाऊ दाराशी उभा होता. मला वाटलं, आता हसणार. तो हसला नाही. खाली बघत राहिला. त्यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं.

शीर फार दिवस दबलेली आहे. ऑपरेशननं दुखणं वाढणार नाही, पण गेलेलं परत येईल की नाही ते सांगता येत नाही म्हणाला. सहा मे ही तारीख दिली आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे, शिक्का बघून घे, तुला सवय आहे.

तुझं चाक दीड दिवसात झालं आणि आवाजात बोललं, ते वाचलं. माझ्या पहिल्या चाकाला तीन दिवस लागले होते. हे मी कोणाला सांगत नसते.

आता पत्र खाली ठेव आणि निघ. त्या बाईंची खोली काही तुझ्या बापाची नाही.

कळावे. लोभ पाठव, या वेळी मी मागते आहे.

आत्या


२४ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगते आहे आणि तुझा भाऊ लिहितो आहे. हाताला अजून लिहायची परवानगी नाही. याचं अक्षर माझ्या बधिर हातापेक्षाही वाईट आहे. (हे मी जसंच्या तसं लिहितो आहे. दादा.)

तू दुसरी डोंगररांग ओलांडल्याचं कार्ड मिळालं. हे पत्र समुद्राकाठच्या पोस्टात तुझी वाट बघत पडलेलं असेल. पंचेचाळीसशे किलोमीटर झाले आणि तू चाक बांधल्यापासून एकही तार गेली नाही असं लिहितेस. जाईल कशी? तू आवाज ऐकून बांधलंस. एकतीस वर्षं मी पोरींना ते करू दिलं नाही. त्यातल्या दोघींचे पत्ते सापडले, त्यांना पत्रं लिहायची आहेत. पण ती मी याच्या हातून लिहून घेणार नाही. ती माझ्या हातानं जातील, लागेल तेवढा वेळ लागो.

ऑपरेशन झाल्यापासून मला शोरूमच्या वरच्या खोलीत आणून ठेवलं आहे. दिवसा खाली बसते. गिऱ्हाइकानं सायकलला हात लावला की त्यात आधी काय मोडेल ते सांगते. (धंदा निम्म्यावर आला आहे. पण माणसं नुसती ऐकायला येतात आणि जाताना छत्तीस तारांची चाकं मागतात.) तुझ्या भावाची माणसं काटा बघून चाकं बरी बांधतात. बरी म्हणाले, चांगली नाही. (बरी म्हणाली, हे नोंदवून ठेव.)

समुद्र कसा आहे ते लिही. गोड बोलून लिहू नकोस, आहे तसा लिही.

कळावे. लोभ आहे तो खर्चून ये, इथं आणखी आहे.

आत्या

ता. क. हे तिला न सांगता लिहितो आहे. सात आठवडे झाले, हातात काही फरक नव्हता. डॉक्टर वाट बघा म्हणायचा आणि ती रोज सकाळी मला विचारायची की किती दिवस झाले. काल चार वाजता मी चहा आणून दिला. तिनं सवयीप्रमाणे उजव्या हातानं पेला उचलला आणि एकदम किंचाळून खाली टाकला. पेला फुटला. चहा एवढा उकळता का आणतोस, अक्कल कुठं ठेवली आहेस, असं तिनं मला फाडायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबली. अंगठ्याकडे बघत बसली. मग ती मला म्हणाली की दुसरा पेला आण, आणि तसाच गरम आण. मी आणला. तिनं तो उचलला आणि हात भाजेपर्यंत खाली ठेवला नाही.